आज्जीच्या काळी डिप्रेशन नव्हतं म्हणे

आठवडाभर घरच्या, शाळेच्या, देवळाच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं की डिप्रेशन हे शहरातल्या पैसेवाल्यांचं खूळ, गोंयचा माणूस सुशेगाद म्हणजे निवांत, आज्जी-आजोबांच्या काळी असलं काही नव्हतं, डॉक्टरकडे नेऊ नका, गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा लग्न लावून द्या. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मला गप्प बसवत नाही.

आज्जीच्या काळी नव्हतं, तर पोर्तुगीज असतानाच पणजीत आल्तिनोवर आबाद फारियाच्या नावाचं वेड्यांचं हॉस्पिटल कोणासाठी होतं? तेच १९८० मध्ये मनोविकार संस्था झालं आणि आता बांबोळीला आहे. ज्यांना तिथं नेलं नाही त्यांना आपण देवचार म्हणजे भूत लागलं, करणी झाली म्हणत कोंडून ठेवलं.

पैसेवाल्यांचं खूळ? निम्हान्सनं, म्हणजे बंगळूरच्या मानसिक आजारांच्या सरकारी संस्थेनं, २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत सर्व्हे केला, गोवा त्यात नव्हता, पण आपण काही वेगळ्या मातीचे नाही. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्यावेळी काही ना काही मानसिक आजार होता. महानगरांत प्रमाण जास्त दिसलं हे खरं, पण कमी कमाईच्या घरांतही ते जास्तच होतं. आणि आजाराप्रमाणे बघितलं तर १०० तले ७० ते ९२ जण उपचाराविना. दारूच्या व्यसनात ८६. म्हणजे रोज बारवर बसणारा आपला शेजारी आपल्याला "बेबदो", दारुडा म्हणून ठाऊक असतो, पेशंट म्हणून नाही.

गोळ्यांचं सांगते. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, त्या मनानं घेऊच नयेत. पण डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या दारूसारख्या ओढ लावत नाहीत, फक्त एकदम बंद करायच्या नसतात, आणि गुण यायला दोनचार आठवडे जातात. लोक आठव्या दिवशी "काय फरक नाय" म्हणून सोडतात.

आणि दरवेळी गोळ्याच लागतात असंही नाही. आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आला. मानसोपचाराचं कसलंच शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन काउन्सेलर केलं, डिप्रेशनवाल्यांशी सहा-आठ वेळा बसून बोलायला लावलं. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के बरे, नेहमीच्या पद्धतीनं ३९. हे इथं आपल्याकडं झालंय, आणि आपण ग्रुपवर फॉरवर्ड करतो काय! कुठं जायचं कळत नसेल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, मनाच्या आजारांसाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे.

आता लग्न. याच्यावर मला जास्त राग आहे. माझा मावसभाऊ, डिचोलीकडचा, कर्ज काढून ट्रक घेतलेला, २०१२ ला गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद झाल्या, ट्रकला काम उरलं नाही आणि तो हळूहळू बोलायचाच बंद झाला, रात्र रात्र व्हरांड्यात बसून, जेवण नाही, आंघोळ नाही. देवाला कौल लावले, ट्रक बँकेनं नेला, आणि मग वडीलधारे म्हणाले, जबाबदारी पडली की सुधारेल. पेडण्याची मुलगी केली. तिला कोणी काहीही सांगितलं नाही. मीसुद्धा नाही, मी अक्षता टाकून जेवून आले. त्यानंतर सहा वर्षं वहिनी काजूच्या फॅक्टरीत जाऊन घर चालवत होती, मुलगी झाली ती बापाला घाबरायची, कारण तो एकतर गप्प नाहीतर भांडी फेकायचा, आणि नातेवाईक म्हणायचे बायकोचा पायगुण.

शेवटी वहिनीनंच त्याला डॉक्टरकडे नेलं. दीड महिन्यानं तो मुलीला शाळेत सोडायला गेला. त्या संध्याकाळी वहिनीनं मला विचारलं, "ताई, तुम्हाला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं ना?" मी हो म्हटलं.