‘एचएएल फक्त स्क्रू पिळते’ म्हणे!

एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) या सरकारी विमान कंपनीच्या तेजस लढाऊ विमानाची बातमी आली की पुण्यात विमाननगरच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा उगवतो: “एचएएलने ८० वर्षांत स्वतःचं एकही विमान बनवलं नाही. रशियाचे सुटे भाग आणायचे नि स्क्रू पिळायचे. तेजसचं इंजिनही अमेरिकन. खासगी कंपनीकडे दिलं असतं तर चित्र वेगळं असतं.” खाली अंगठ्यांची रांग. लोहगावच्या हवाई तळावरचं सुखोई लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की फोनवर ‘एक मिनिट हं’ म्हणावं लागतं अशा भागात राहतो आपण; निदान इथे तरी हे तपासून पाठवायचं.

‘एकही विमान नाही’ हे धादांत खोटं. १९५१ मध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं. ते डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं, म्हणजे जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या वायुगतिशास्त्रातल्या दिग्गजाच्या हाताखाली शिकलेल्या मराठी माणसाचं. पुढे किरण हे जेट प्रशिक्षण विमान, शिवाय ध्रुव आणि प्रचंड ही हेलिकॉप्टरं. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या रचनेचं मारुत हे लढाऊ विमान १९७१ च्या युद्धात लढलं. त्याचं दुखणं इंजिनाचं होतं, आणि ते अजून आपली पाठ सोडत नाही.

स्क्रूच्या आरोपात थोडं तथ्य आहे. सुखोईचं काम नाशिकजवळ ओझरला जुळणीपासूनच सुरू झालं. पण टप्प्याटप्प्याने ते कच्च्या मालापासून विमान बांधण्यापर्यंत गेलं. त्यातलं टायटॅनियम वगैरे रशियाकडूनच घ्यायचं, ही कराराची अट. अडीच टनांचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली टांगता यावं म्हणून सुखोईच्या सांगाड्यात बदल करावे लागले, तेही ओझरलाच झाले. स्क्रू पिळून हे होत नाही हो काका.

तेजसचं इंजिन अमेरिकन आहेच, जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीचं एफ-४०४. स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानालाही जीईच्याच घराण्यातलं इंजिन लागतं. म्हणून ते विमान स्वीडनचं नाही असं कोणी म्हणत नाही. शिवाय तेजससाठी आखलेलं देशी कावेरी इंजिन एचएएलचं नव्हे, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या जीटीआरई या इंजिन प्रयोगशाळेचं. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं काढलं. अडतं कुठे, तर टर्बाइनच्या पात्यावर. त्याच्यावरून जाणारा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षा गरम असतो. पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं, आत बारीक वाटा ठेवून त्यातून थंड हवा खेळवायची. ही विद्या मोजक्याच देशांकडे आहे आणि ती सहसा कोणी विकत नाही.

खासगीचं म्हणाल, तर ही कंपनी १९४० मध्ये काढलीच मुळी वालचंद हिराचंद यांनी, आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचे तेच. आजही तेजस मार्क-१ए या सुधारित आवृत्तीचे पंख लार्सन अँड टुब्रो बनवते. आणि टाटांच्या वडोदऱ्याच्या सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाला कॅनडाचं इंजिन असतं, त्यावर कुणाचा मेसेज नाही.

खरं झोडपण्यासारखं आहे ते वेळापत्रक, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. ८३ मार्क-१ए चा करार फेब्रुवारी २०२१ चा; विमानं २०२४ पासून यायची होती. त्यांच्यासाठी जीईकडून मागवलेल्या इंजिनांपैकी पहिलंच मार्च २०२५ मध्ये आलं, हे खरं. पण क्षेपणास्त्रांच्या चाचण्याही रेंगाळल्या, त्याला जीई काय करणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये एअरो इंडियात खुद्द हवाई दलप्रमुखांनी एचएएलवर सध्या भरवसा वाटत नाही असं सुनावलं. सप्टेंबरात जुनी मिग-२१ लढाऊ विमानं निवृत्तही झाली. त्या उशिरावर मेसेज लिहा, मी स्वतः पुढे पाठवतो.