'टर्मिनल सगळे सारखेच' नसतात, तो मेसेज पुढे पाठवू नका

पावसाच्या तोंडावर आमच्या दापोलीतल्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय, की बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वायर जोडायची टोकं, सगळे सारखेच, लाल-काळं बघून जोडा, क्लॅम्प (टर्मिनलवर आवळायची वायरची पकड) ढिला वाटला तर पत्र्याची पट्टी घाला, आणि पांढरी पूड म्हणजे खाऱ्या वाऱ्याचं मीठ, खोबरेल लावा.

सारखेच? गाडीच्या बॅटरीवर प्लसची खुंटी जाड आणि मायनसची बारीक असते, उलटं जोडलं जाऊ नये म्हणून मुद्दाम. त्यातही दोन जाती, जाडवाल्यात प्लस साधारण १७.५ मिमी, जपानी पद्धतीच्या बारीकवाल्यात १४.७. इन्व्हर्टरच्या बॅटरीला तर बहुतेक वेळा खुंटीच नसते, नट-बोल्टची चपटी पट्टी असते. २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस लाईट नव्हती, तेव्हा आमच्या वाडीत एकाने गाडीची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडली, इन्व्हर्टरच्या वायरचा गोल लग (टोकाची भोकवाली पट्टी) खुंटीवर धरेना म्हणून तारेने बांधला, आणि तासाभरात वायरचं प्लास्टिक वितळलं.

पत्र्याची पट्टी हा सगळ्यात वाईट सल्ला. सेल्फ मारताना १५० अँपिअर करंट गेला आणि त्या ढिल्या जोडात नुसता ०.०१ ओहम रेझिस्टन्स असला तरी १.५ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात आणि २२५ वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत निघते. त्यात आपल्या हवेत पत्रा महिन्या-दोन महिन्यांत गंजतो, मग सेल्फ लागत नाही आणि माणूस चांगली बॅटरी भंगारात देऊन नवीन घेतो, हे बघून खरंच जीव तुटतो. माप जुळत नसेल तर खुंटीवर बसणारी शिशाची स्लीव्ह मिळते, नाहीतर क्लॅम्पच बदला.

पूड मीठ नाहीये. बॅटरीतल्या ॲसिडची वाफ शिशाला लागली की पांढरी, तांब्याला लागली की निळी-हिरवी. खाऱ्या हवेने गंज वाढतो हे खरं, पण खोबरेलाने ॲसिड मरत नाही आणि इंजिनच्या उष्णतेत ते ओघळून जातं. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, कोरडं करा, क्लॅम्प आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली.

आणि 'लाल-काळं बघा' एवढ्याने भागत नाही. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, कारण मायनस गाडीच्या बॉडीला जोडलेला असतो, तो लावलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. नवीन घेताना जुन्या बॅटरीच्या नंबरातलं शेवटचं एल किंवा आर अक्षर बघून घ्या, प्लस-मायनसची बाजू उलटी आली तर वायर पोचतच नाही.