पट्टी जाड करणं वापरणाऱ्याच्या हातात हवं

बाबांचं वय ७४. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई डेस्कटॉपवाली आवृत्ती टाकून दिली (डेस्कटॉप म्हणजे स्क्रीनवरची पट्टी, मेनू, विंडो यांची मांडणी). महिन्याभराने फोन आला. सोसायटीच्या सभेचा अहवाल लिहिताना लॅपटॉप एकदम बंद पडला, दीड पान गेलं. बॅटरी उतरल्याचं चिन्ह कोपऱ्यात होतं, पण त्यांना ते दिसलंच नाही.

घरी जाऊन पाहिलं तर घड्याळ, वायफाय, बॅटरीची चिन्हं जिच्यात असतात त्या स्क्रीनच्या कडेच्या पट्टीची, म्हणजे पॅनेलची, उंची २६ पिक्सेल. १४ इंची फुल एचडी स्क्रीनवर म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर, आणि आतली चिन्हं त्याहून बारीक! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाने त्यात वायफाय कुठलं, बॅटरी कुठली, हे ओळखायचं कसं?

आधी मी सगळी स्क्रीनच दुप्पट मोठी केली. ते चुकलं. १९२०×१०८० ची जागा ९६०×५४० इतकीच उरते, आणि काही विंडोंची खालची 'ओके' बटणं दिसेनाशी होतात. मग नुसता फॉन्ट वाढवला, तर घड्याळातल्या 'गुरुवार'चे उकार खालून कापले गेले. आपल्या लिपीला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार. तिला उंची लागतेच.

शेवटी पट्टीवर राइट क्लिक करून पॅनेल प्रेफरन्सेसमध्ये 'रो साइझ', म्हणजे पट्टीची उंची, ४८ केला. स्टेटस ट्रेच्या, म्हणजे पट्टीतल्या या चिन्हांच्या कप्प्याच्या, प्रॉपर्टीजमध्ये चिन्हांचा आकार ३२. ही दुसरी सेटिंग वेगळ्या जागी असते, म्हणून ती राहून जाते आणि जाड पट्टीत चिन्हं बारीकच दिसतात. सिनॅमन या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये पट्टीच्या डाव्या, मधल्या, उजव्या भागातल्या चिन्हांचे आकार स्वतंत्र ठरवता येतात. केडीई प्लाझ्मा या आणखी एका डेस्कटॉपच्या सिस्टिम ट्रेमध्ये पट्टीच्या उंचीबरोबर चिन्हं वाढवायची सोय आहे. ज्यांनी हे प्रोग्राम लिहिले त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

पण काही डेस्कटॉपांत पट्टीच्या उंचीची सेटिंगच नाही. एक्स्टेन्शन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) शोधा, ते टाका, आणि नवी आवृत्ती आली की ते बंद पडलेलं बघा. मांडणी सुटसुटीत असावी, हे मला पटतं. मात्र पट्टीची उंची ही हौसेची गोष्ट नाही, ती डोळ्यांची गरज आहे. चष्म्याचा नंबर सगळ्यांना एकच देऊन चालेल का?

परवा फोनवर बोलताना बाबा मध्येच म्हणाले, "थांब जरा, बॅटरी उतरलीय, चार्जर लावून येतो."