ठरवणारे वेगळे, करणारे वेगळे

‘पक्षाघाताच्या रुग्णाला नळीने अन्न द्यावे की नाही, हे कुटुंबाने ठरवावे’ हे एका लेखातील विधान मला अपुरे वाटते. सोलापुरात सासऱ्यांना झटका आला, तेव्हा नाकातून नळी घालण्याचे दिरांनी पुण्याहून फोनवर ठरवले; पुढचे चार महिने ज्वारीची पेज दोनदा गाळून, पलंगाची उशाकडची बाजू उंच करून, ती सिरिंजने हळूहळू सोडणारी मात्र मी होते. अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो, हे मला त्यांना ताप भरल्यावर कळले. नळी दीर्घकाळ लागणार असेल, तर ती थेट पोटातून बसवता येते, हेही कोणी सांगितले नाही. डॉक्टरांनी हा प्रश्न आधी सेवा करणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून विचारायला हवा.