समुद्राचे राजे म्हणे!

सकाळपासून टाइमलाइनवर एका ‘पायरेट थीम’ पार्टीचे फोटो फिरतायत. पोरांच्या डोळ्यांवर काळी पट्टी, केकवर कवटी, खाली कॅप्शन: ‘कुणाची चाकरी नाही, समुद्राचे राजे!’ पोरांबद्दल तक्रार नाही, पोरंच ती. पण खाली चाळिशी ओलांडलेल्यांनी ‘असं जगता आलं पाहिजे यार’ वगैरे जे लिहिलंय, ते वाचून तिडीक गेली डोक्यात. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’ हे नाव कुणाला आठवतं का? डांबर वाहणारा टँकर. सप्टेंबर २०१० मध्ये मोम्बासाहून डर्बनला जाताना सोमाली चाच्यांनी धरला. जहाजावर पंधरा जण, सगळे भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सोडलं आणि सात जणांना मागे ठेवून घेतलं! भारताने पकडलेले शंभराहून जास्त चाचे परत द्या, मग माणसं देतो, म्हणे. पैसे मोजून झाल्यावर हे. ते सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये. चार वर्षं, हो.

आता कुणीतरी म्हणणारच की ते आत्ताचे गुंड, जुने चाचे वेगळे होते. अठराव्या शतकातला चाचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्स, त्याचं उदाहरण तर ठरलेलं. त्याच्या जहाजावर लेखी नियम होते, प्रत्येकाला मत होतं, कप्तानाला लुटीतले फक्त दोन हिस्से, हात किंवा पाय गेला तर चांदीची ८०० नाणी भरपाई. सगळं खरं. त्याच रॉबर्ट्सच्या माणसांनी जानेवारी १७२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या विदाह बंदरात गुलामांचं एक जहाज पेटवून दिलं, कारण त्याच्या कप्तानाने खंडणी नाकारली. आत सुमारे ऐंशी माणसं दोघादोघांना साखळीने जखडलेली. साखळ्या काढत बसायला वेळ लागतो म्हणून तशीच ठेवली. आगीतून पाण्यात उड्या मारल्या त्यांना शार्कनी फाडलं. यांना मत होतं का? आणि हेन्री एव्हरी, तो इंग्रज चाचा? १६९५ साली सुरतेकडे परतणारं ‘गंज-ए-सवाई’ हे मोगल जहाज त्याने लुटलं. हजहून येणारे यात्रेकरू होते त्यावर. लूट कुठे दडवली ते सांगावं म्हणून छळ, बायकांवर बलात्कार. ठेवा केकवर.

बरं, त्या काळी व्यापारी जहाजांवरचे कप्तानही हैवान होते, चाबकाने फोडायचे, पगार बुडवायचे, म्हणून खलाशी चाच्यांना जाऊन मिळायचे. मान्य. पुढे.

गंमत म्हणजे (गंमत कसली) नियम सोमाली टोळ्यांकडेही होते. शिडीवरून पहिला जो चढेल त्याला जादा हिस्सा. पहारेकऱ्यांना खात नावाचा चघळायचा नशेचा पाला उधारीवर, त्याची वहीत नोंद, आणि खंडणी आली की हिश्शातून कापून घ्यायचे. जुन्या जहाजांवर शिकार पहिल्यांदा दिसणाऱ्याला लुटीतलं चांगलं पिस्तूल मिळायचं, तोच धंदा. नियम लुटणाऱ्यांमध्ये वाटणीसाठी असतात. त्या सात जणांसाठी कुठल्या वहीत काय लिहिलं होतं?

आणि हल्ला म्हणजे तलवारबाजी नव्हे. सात-आठ मीटरची फायबरची होडी, मागे मोठी आउटबोर्ड इंजिनं, पाच-सहा माणसं, एके-४७, एखादा रॉकेट लाँचर आणि टोकाला आकडा लावलेली हलकी लांब शिडी. किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर आणायला पळवलेली धाऊ (लाकडी गलबत) नाहीतर मासेमारी बोट. पहाटे किंवा तिन्हीसांजेला मागच्या बाजूने येतात. भरलेला टँकर बारा-तेरा नॉट्सने (म्हणजे ताशी सागरी मैल) चाललेला, डेक पाण्यापासून जेमतेम काही मीटरवर, म्हणजे आयतं गिऱ्हाईक. अठरा नॉट्सच्या वर पळणाऱ्या जहाजावर चढणं जवळजवळ अशक्य, पण डांबराचा टँकर कुठून आणणार अठरा? दिसल्यापासून शिडी लागेपर्यंत कधीकधी पंधरा मिनिटंही मिळत नाहीत.

बचावासाठी जहाजावर काटेरी तारेची वेटोळी कठड्याच्या बाहेर दुहेरी लावायची असतात. बारीक तारेने कशीबशी बांधली तर आकडा अडकवून खेचला की सगळं वेटोळं समुद्रात. सिटाडेल, म्हणजे आतून बंद करायची ती कोठडी, तिच्यात सगळेच्या सगळे पोचले तरच उपयोग. एक जण बाहेर राहिला की त्याच्या डोक्याला बंदूक लावून दार उघडून घेतात. आत पाणी, हवा, स्वतंत्र बॅटरीवरचा सॅटेलाइट फोन हवा, आणि त्याची अँटेना सहज दिसेल अशी नको, नाहीतर ती आधी तोडतात. फोन लागत नसेल तर नौदलाचे कमांडो जहाजावर उतरायला धजत नाहीत, कारण सगळे आत आहेत हे त्यांना कळणार कसं?

सोमालियाच्या किनाऱ्यावर परदेशी ट्रॉलर्सनी मासळी ओरबाडली, तिथल्या कोळ्यांचं पोट मारलं, हेही खरं आहे, आणि त्याचा राग समजू शकतो. पण ट्रॉलरचा हिशोब डांबराच्या टँकरवरच्या खलाशाकडून?

संपलंय म्हणू नका. २०२० मध्ये जगभरात १३५ खलाशी पळवले गेले, त्यातले १३० पश्चिम आफ्रिकेजवळच्या गिनीच्या आखातात. तिथे जहाज सोडून देतात, माणसं उचलून खाडीच्या जंगलात नेतात. डिसेंबर २०२३ मध्ये ‘रुएन’ हे मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी धरलं. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाची युद्धनौका आयएनएस कोलकाता आणि नौदलाचे कमांडो मार्कोस यांनी ते सोडवलं, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप. त्या दिवशी खरंच बरं वाटलं होतं.

इतकं टाइप करून राग जरा निवलाय, म्हणून एक कामाचं सांगतो. पूर्वी खलाशी कैदेत असताना कराराची मुदत संपली की पगार थांबवायला वाव असायचा. माणूस चाच्यांकडे आणि घरचे हप्ते चालू! एमएलसी या सागरी कामगार करारात दुरुस्ती झाली, ती २६ डिसेंबर २०२० पासून लागू आहे: सुटका होऊन घरी पोचवेपर्यंत पगार चालू, घरी पाठवायची रक्कमही चालू. ‘अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर’वाल्यांच्या वेळी हे नव्हतं. मात्र जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्याने ही दुरुस्ती मान्य केलेली हवी. घरातलं कुणी आता बोटीवर चढत असेल तर हे कलम करारात आहे का ते वाचा, आणि नसेल तर सही करायच्या आधी एजंटला विचारा, नंतर नाही.