गुलाबी कागदातली श्रीमंती

पैसा टिकवायचा तर सोनं घ्या, हे तुम्हाला रिक्षावालाही सांगेल. पण ते घ्यायचं कसं, याचंही एक शास्त्र आहे. आमच्या घरात ते चार पिढ्या पाळलं जातंय, म्हणून अधिकाराने सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. सराफाच्या दुकानात पंखा एकटाच फिरत असेल, तेव्हा तिकडे फिरकू नका. २०१३ ते २०१५ मध्ये भाव उतरत होते तेव्हा आपण ‘अजून उतरेल’ म्हणून घरी बसलो, ते योग्यच केलं. २०२५ मध्ये तोळ्याने लाख ओलांडला आणि आपण गुरुपुष्याला चपला सांभाळत रांगेत उभे राहिलो. गर्दी असली की खरेदीला कशी शोभा येते. (तोळाही आता दहा ग्रॅमचा झालाय. आजीचा साडेअकराच्या वर होता. महागाईत तोही वाळला.)

आजी ग्रॅम-दोन ग्रॅमचं वेढणं, म्हणजे साधं वळं, घ्यायची. चोख सोनं, मजुरी नावापुरती, ना खडा ना मीना. तिला गुंतवणूक हा शब्दच माहीत नव्हता, त्यामुळे ती नकळत ती करत बसली. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही दागिना घ्या आणि त्याला गुंतवणूक म्हणा.

हिशेब फार अवघड नाही. समजा, तोळ्याला लाख रुपये भाव आहे. मजुरी बारा टक्के, म्हणजे बारा हजार. त्या सगळ्यावर तीन टक्के जीएसटी. झाले एक लाख पंधरा हजार तीनशे साठ. पिशवी हातात घेऊन पायरी उतरलात की सोनं पुन्हा लाखाचंच. म्हणजे भाव पंधरा टक्क्यांहून थोडा जास्त वाढला की तुम्ही जिथे उभे होतात तिथे परत येता. तेवढ्यात दुकानदाराने कोकम सरबत पाजलेलं असतं, ते मात्र निव्वळ नफा.

बोरमाळ घेत असाल तर मण्यांत लाखेचा भराव असतो, त्याचा तपशील विचारू नका. आमच्या आत्याने चाळीस वर्षं जी माळ ‘साडेतीन तोळ्यांची’ म्हणून मिरवली, ती मोडायला नेली तेव्हा आतली लाख बाजूला निघाली आणि माळेबरोबर आत्याही हलकी झाली. आता हॉलमार्क आहे, २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी नावाचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळखक्रमांक आहे, तो मोबाइलवर तपासताही येतो. पण सराफ घरातल्यासारखा असताना मोबाइल काढायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होतं. बिलही त्याच संकोचापोटी राहून जातं.

मोडीला गेलेला दागिना पुढे जातो सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याकडे. देशातल्या बहुतेक शहरांत सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत भट्टीपाशी सांगलीच्या विटा-आटपाडीकडचा आपला मराठी माणूस बसलेला सापडतो. तुम्ही बारा टक्के देऊन घेतलेली नक्षी, ते मोर, त्या कुयऱ्या, सगळं मुशीत पडतं आणि जरा वेळाने एक निर्विकार पिवळी लगड बाहेर येते. आजीचं वेढणं पहिल्यापासून तसंच होतं.

मध्यंतरी सरकारने एक विचित्र प्रकार काढला होता. २०१५ पासून सुवर्णरोखे, म्हणजे कागदावरचं सोनं, मिळायचे. मजुरी नाही, घट नाही, चोरीची भीती नाही, वर वर्षाला अडीच टक्के (सुरुवातीला पावणेतीन) व्याज आणि आठ वर्षांनी त्या वेळचा भाव. आमच्याकडे त्यावर गंभीर चर्चा झाली. सासूबाईंनी विचारलं, “हळदीकुंकवाला काय गळ्यात कागद अडकवून जाऊ?” विषय संपला. पुढे सोनं इतकं वर गेलं की सरकारलाच ते व्याज आणि तो भाव जड झाला. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघालेच नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “बघ, बंद पडलं ना!”

सोनं आणल्यावर ते घरात ठेवू नये, लॉकरमध्ये ठेवावं. लॉकरला आग लागली, चोरी झाली, बँकेच्याच माणसाने हात मारला, तर बँक वार्षिक भाड्याच्या शंभर पट रकमेपर्यंत जबाबदार, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आत चाळीस लाखांचं असेल तर उरलेले सदतीस लाख श्रद्धेच्या खात्यात धरावेत.

शिवाय विवाहितेकडचे ५००, अविवाहितेकडचे २५० आणि पुरुषाकडचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने धाडीत जप्त करू नयेत, असं प्राप्तिकर खात्याचं १९९४ चं परिपत्रक आहे. आमच्याकडे धाड पडण्याइतकं उत्पन्न कधीच नव्हतं, पण ५०० चा आकडा घरात सगळ्यांना पाठ आहे. अजून दोनशे ऐंशी ग्रॅम कमी पडतात.

आता म्हणाल, अडीनडीला सोनंच धावून येतं. येतं ना. १९९१ मध्ये देशाची तिजोरी आटली तेव्हा जवळजवळ ४७ टन सोनं गहाण पडलं, ते विमानाने बाहेर गेलं आणि देश तरला. घरोघरी हेच चालतं, फक्त विमान नसतं. पेरणीला बियाणं हवं, दिराला दुकान काढायचंय, धाकट्याची फी भरायचीय, की वहिनींच्या पाटल्या निघतात. नाव स्त्रीधन, सही नवऱ्याची. देशाने आपलं सोनं पुढे सोडवलं. वहिनींच्या पाटल्यांची पावती देवघरातल्या डब्यात आहे; दर वर्षी व्याज भरून ती नवी करून आणतात.

चांदीचं काय, ते थोडक्यात सांगते. बारशाला वाटी-चमचा, मुंजीला भांडं, साठीला ताट असं ती आपोआप जमते. ती वापरायची नसते, घासायची असते. दर दिवाळीआधी आमच्या घरात तीन बायका दंतमंजन घेऊन दोन दिवस बसतात. राणीछाप रुपयांपासून अत्तरदाणीपर्यंत सगळं पांढरंशुभ्र करतात, मोजतात, सराफाच्या गुलाबी कागदात गुंडाळतात आणि पुढच्या वर्षापर्यंत काळं पडायला आत ठेवतात.

यंदा त्या पुड्यांवर नावं घालायचं ठरलं. करंडा आणि पैंजण पुतणीच्या नावाने ठेवले. तिला बोलावून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “छान आहेत काकू, पण फारच चकचकीत आहेत गं. मला ऑक्सिडाइज्ड आवडतं.” आणि तिने कानातले झुमके हलवून दाखवले. तुळशीबागेतले, दीडशेची जोडी, चांदी औषधालाही नाही, आणि दुकानदाराने मुद्दाम काळे करून दिलेले.