‘कोऱ्या वही’बद्दल, जरा सविस्तर

सप्रेम नमस्कार.

एआय सहायकाला ‘सिक्वेन्शल थिंकिंग’ हे टप्प्याटप्प्याने विचार लिहायला लावणारं टूल जोडण्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: “साहेब, हे टूल स्वतः काहीच करत नाही. मॉडेल जे लिहितं ते नोंदवतं, एवढंच. तुम्ही कोऱ्या वहीला गुरुजी म्हणताय. टोकन जळतात ते वेगळंच. आणि फरक किती पडला, ते मोजलंत कुठे?” (टोकन म्हणजे मॉडेल वाचतं-लिहितं त्या मजकुराचे तुकडे; खर्च त्यांवर मोजतात.)

आधी चूक कबूल करतो. एमसीपी, म्हणजे अशी टूल्स सहायकाला जोडण्याची ठरलेली पद्धत, २०२३ साली आलं असं मी लिहिलं होतं. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ते नोव्हेंबर २०२४ मध्ये खुलं केलं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते ‘साहेब’. मुद्दा सरळ मांडायचा असता तर त्याची गरज नव्हती. २००३ पासून हिंजवडीत कोड लिहितोय. कोण कुठल्या सुरात साहेब म्हणतं ते मला कळतं.

राहिली वही. टूल स्वतः विचार करत नाही हे मला ठाऊक नसेल, असं आपल्याला का वाटलं? त्याचा कोड मी वाचलाय. विचाराचा मजकूर, त्याचा क्रमांक, एकूण अंदाजे किती, पुढचा हवा का, हा आधीच्या एखाद्या विचाराची दुरुस्ती आहे का, असे मोजके रकाने. म्हणजे वही कोरी नाही हो, आखलेली आहे! आमचे भूमितीचे सर पक्ष, साध्य, सिद्धता लिहिल्याशिवाय वहीला हात लावायचे नाहीत. त्या तीन शब्दांनी एकही प्रमेय सोडवलं नाही. पण ‘साध्य’ लिहायला बसलो की काय सिद्ध करायचंय तेच आपल्याला कळलेलं नाही, हे ध्यानात यायचं. तुम्हाला असे सर मिळाले नसतील, तर त्यात माझा दोष नाही.

आमच्या सोसायटीच्या टँकरच्या बिलाचंच घ्या. ६४,५०० रुपये, फ्लॅट ४८, पैकी ५ बंद. नियमाप्रमाणे बंद फ्लॅटला पाण्याचा आकार नाही. टूल नसताना सहायकाने ४८ने भागून हात झटकले. टूल जोडल्यावर दुसऱ्या विचारात पुन्हा ४८च धरले, पण चौथ्यात ‘विचार २ची दुरुस्ती’ अशी नोंद करून ५ वगळले. माणशी, म्हणजे फ्लॅटशी, १,५०० रुपये. दोन्ही वेळा एकेकदाच विचारलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं मी नाकारू कसं?

टोकनचा खर्च तुमच्या खिशातून जात नाही. आणि मोजमापाचं म्हणाल, तर तो लेख होता, प्रबंध नव्हे. पुढे कधी सवडीने बघू.

पुढच्या वेळी प्रतिक्रियेखाली नाव लिहिलंत तर बरं पडेल. ‘एक वाचक’ला उत्तर देताना अहो म्हणावं की अरे, तेच कळत नाही.